मदत हवी आहे: रेडियंट पॅनेलवर ब्लँकेटचे दोन नमुने पास, तिसरा नापास

फलक३०
इन्सुलेशन ब्लँकेटचे काम अडले आहे. विमानाच्या साइडवॉलमागे बसणारे, पॅनेल उतरवल्याशिवाय हात पोहोचत नाही असे. उभ्या बन्सेन चाचणीत (१२ सेकंद) आरामात पास होते. रेडियंट पॅनेलवर (वरून तापलेले पॅनेल, खाली नमुना, त्याला छोट्या बर्नरची ज्योत) तीनपैकी दोन पास. तिसऱ्यावर ज्योत पसरल्याचे अंतर ७० मिमी भरले आणि बर्नर बाजूला घेतल्यावर ५ सेकंद ज्योत टिकली. तिन्हींची सरासरी काढली तर दोन्ही आकडे मर्यादेत बसतात. फिल्म (बाहेरचे पातळ प्लॅस्टिक आच्छादन) आणि आतले ग्लासवूल, दोन्हींची पुरवठादाराची प्रमाणपत्रे हातात आहेत. अहवाल परवा द्यायचा आहे. सरासरी चालेल का? नसेल तर काय बदलू? कृपया लवकर सांगा.

उष्माप्रवाह
सरासरी चालणार नाही. बन्सेनमध्ये जळालेल्या लांबीची सरासरी धरतात, म्हणून तो समज होतो. अमेरिकी विमान नियम २५.८५६(अ) साठी त्याच नियमावलीच्या परिशिष्ट एफचा भाग ६ (हीच रेडियंट पॅनेलची चाचणी) लागतो. त्यात ज्योत लावलेल्या मध्यरेषेपासून डावीकडे ५१ मिमीपलीकडे ज्योत जाता कामा नये, आणि बर्नर हटवल्यानंतरची ज्योत कोणत्याही एका नमुन्यात ३ सेकंदांपेक्षा जास्त टिकता कामा नये. एक नापास म्हणजे नापास.

आता हे सांगा: फिल्म कोणती, स्क्रिम (फिल्मला बळकटी देणारी धाग्यांची जाळी) आहे का, जाडी किती, पॅनेल गॅसचे की विजेचे, कॅलरीमीटरची (उष्माप्रवाह मोजणारे यंत्र) तिन्ही जागांची वाचने (शून्य म्हणजे ज्योत लावायची जागा, मग पहिली आणि दुसरी), फिल्मला चीर दिली होती का, आणि ७० मिमी कशाने मोजले. यातले काहीच धाग्यात नाही.

फलक३०
मेटलाइज्ड पीव्हीएफ (धातूचा मुलामा दिलेली प्लॅस्टिक फिल्म), नायलॉन स्क्रिम, ग्लासवूल २५ मिमी. पॅनेल विजेचे. शून्य जागी १.५ बीटीयू (प्रति चौ. फूट प्रति सेकंद) बरोबर. चीर दिली होती. नमुने २४ तास कंडिशन केले होते, २१ अंश आणि ५५ टक्के आर्द्रता.

निळीज्योत
विजेचे पॅनेल आहे ना, मग तिथेच शोधा. गॅसचे सच्छिद्र पॅनेल पूर्ण पृष्ठभागावर सारखे तापते. विजेच्या पॅनेलला ७६ मिमीच्या सहा पट्ट्या असतात, एखादी कमजोर झाली की शून्य जागी आकडा बरोबर दिसतो आणि पुढे बिघडतो. आमच्याकडे गॅसच वापरतात, असले प्रश्न येत नाहीत.

उष्माप्रवाह
नियमाला दोन्ही पॅनेल मान्य आहेत. पट्टीबद्दलचा मुद्दा बरोबर, पण त्यासाठी पॅनेल बदलायची गरज नाही, तिन्ही जागा मोजल्या की कळते. शून्य जागी १.५ (म्हणजे १.७ वॅट प्रति चौ.सेंमी) अधिकउणे ५ टक्के, पहिल्या जागी जवळपास तेवढेच, १.४९ ते १.५१, आणि दुसऱ्या जागी १.४३ ते १.४४ अपेक्षित आहे. पॅनेल स्थिर व्हायला तासभरही लागतो. त्या वेळात पायलट बर्नर (नमुन्याला ज्योत लावणारा) बंद, कॅलरीमीटरमध्ये पाणी चालू आणि त्याचा चेहरा स्वच्छ हवा. गॅसच्या पॅनेलला तरी वेगळे काय? तिथे हवा आणि प्रोपेनचे प्रमाण सरकले की हाच घोळ.

निळीज्योत
गॅसला निदान डोळ्यांनी दिसते कुठे काळे पडले ते.

उष्माप्रवाह
डोळ्यांनी उष्माप्रवाह मोजता येत नाही. फलक३०, पहिल्या आणि दुसऱ्या जागेची वाचने द्या.

केबिनभिंत
ब्लँकेट विमानाच्या धडाच्या खालच्या अर्ध्या भागात बसणार असेल आणि विमान २० किंवा अधिक प्रवाशांचे असेल तर भाग ७ (बाहेरची आग आरपार येते का ते पाहणारी चाचणी) विसरू नका. तेलाचा बर्नर, ज्योत १०३८ अंश सेल्सिअस, उष्माप्रवाह १८.२ वॅट प्रति चौ.सेंमी, चौकट उभ्या रेषेपासून ३० अंश कललेली. ४ मिनिटे आरपार जळता कामा नये आणि मागे ३०५ मिमीवर २.२७ वॅटपेक्षा जास्त उष्णता पोहोचता कामा नये. नुसते ग्लासवूल आणि साधी फिल्म यात टिकत नाही, वेगळा अग्निरोधक थर घालावा लागतो.

फलक३०
केबिनभिंत, हा वरच्या अर्ध्या भागातला तुकडा आहे. भाग ७ चा प्रश्नच नाही.
वाचने: पहिली जागा १.५०, दुसरी १.४४. पॅनेल ठीक आहे.

शिवण
तिसरा नमुना पहिल्या दोघांपेक्षा कशात वेगळा होता? एकाच गुंडाळीतून कापलेले तीन सारखे नमुने असे वागत नाहीत.

फलक३०
पहिल्या दोघांवर टेप नव्हती. तिसऱ्यावर मधोमध लांबीच्या दिशेने टेप लावली होती, कारण ड्रॉइंगमध्ये शिवणीवर टेप आहे. टेप म्हणजे काय फार मोठी गोष्ट नाही, ५० मिमी रुंद. ७० मिमी स्टीलच्या पट्टीने मोजले, नमुना थंड झाल्यावर, काळ्या कडेपर्यंत.

शिवण
म्हणजे तुमच्याकडे तीन नमुने नाहीतच. एका रचनेचे दोन आणि दुसरीचा एक आहे. भाग ६ मध्ये स्पष्ट आहे: ब्लँकेटच्या बांधणीत वापरलेले सगळे साहित्य नमुन्यात हवे, ग्लासवूल, फिल्म, स्क्रिम, टेप, सगळे. जाडीही विमानात बसवतात तेवढीच.

मोजमापाबद्दल: काळी कड मोजायची नसते. भाग ६ मधील ज्योतप्रसार म्हणजे दिसणारी ज्योत सर्वांत दूर कुठवर गेली ते अंतर, इग्निशन ज्योतीच्या मध्यापासून, चाचणी चालू असतानाच धरायचे. नंतर पट्टी लावून घेतलेली जळालेली लांबी वेगळी. पीव्हीएफ आकसते, त्यामुळे काळी कड ज्योतीच्या पुढेच असते. व्हिडिओ आहे का?

फलक३०
आहे. पुन्हा पाहिला. ज्योतीचे टोक ६० मिमीच्या आसपास. ५ सेकंद तेवढेच.

शिवण
तरी नापासच. पण आकडा खरा मिळाला. पुढच्या वेळी वरच्या चौकटीच्या कडेवर ५१ मिमीची खूण करा, व्हिडिओत अंदाज लावावा लागणार नाही.

कारण असे आहे. पातळ फिल्म पायलट ज्योतीपासून आकसून दूर पळते. तिथे भोक पडते, खाली ग्लासवूल उघडे होते आणि जळायला फारसे काही उरत नाही. उभ्या बन्सेनमध्ये बाहेरची उष्णता नसते, त्यामुळे हे पळणे आणखी सोपे, म्हणून तिथे पास. टेप लावली की दोन थर आणि मध्ये गोंद. फिल्मला आकसता येत नाही, ती ज्योतीखालीच राहते. वरून पॅनेल १.७ वॅटने गोंद तापवत असतो, त्यातून वायू सुटतात आणि ज्योत टेपच्या लांबीने वातीसारखी डावीकडे जाते. तुमची टेप नेमकी त्याच दिशेने आहे.

निळीज्योत
टेप ‘लहान भाग’ म्हणून वगळता येईल की. २५.८५६ मध्ये लहान भागांना सूट आहे.

उष्माप्रवाह
नाही येणार. सूट आहे ती परिशिष्टाच्या भाग १ मधल्या व्याख्येची: नॉब, हँडल, रोलर, क्लिप, ग्रोमेट, पुली, लहान विद्युत भाग असे, आणि तेही आग पसरायला विशेष हातभार लावत नसतील तर. सलग शिवणीवर पूर्ण लांबीभर धावणारी टेप त्यात कशी बसवणार? शिवाय त्याच परिशिष्टात टेप नमुन्यात घ्या असे शब्द आहेत.

निळीज्योत
५० मिमीची टेप अख्ख्या ब्लँकेटच्या मानाने किती? कागदावर मांडून बघायला हरकत नाही.

धूररेषा
हरकत आहे. अवांतर वाटेल, पण याच मुद्द्याचे आहे. २ सप्टेंबर १९९८ ला स्विसएअर १११ हे एमडी-११ विमान कॅनडात हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळले, २२९ जण गेले. कॉकपिटच्या छतामागे आग लागली आणि मेटलाइज्ड पीईटी (पॉलिएस्टर) आच्छादनाच्या ब्लँकेटवरून पसरली. ती ब्लँकेट तेव्हाची बन्सेन चाचणी पास होती. कॅनडाच्या तपास अहवालात फक्त आच्छादनाला दोष दिलेला नाही. सिलिकॉनच्या टोप्या, हूक-लूप पट्ट्या, फोम, गोंद आणि ब्लँकेट जोडणाऱ्या टेप यांनीही आग पसरवली, असे त्यात लिहिले आहे. २००३ चा २५.८५६ त्यानंतर आला. टेपला लहान म्हणून सोडले तर हा नियम ज्यासाठी केला तेच सोडले.

केबिनभिंत
सहमत. बसवल्यावरचेही पाहा. गंजरोधक रसायनाचा फवारा आणि धूळ-लिंट ब्लँकेटवर साचली की कोरा नमुना पास होऊनही उपयोग नसतो. देखभालीच्या सूचनांत साफसफाई लिहा.

फलक३०
ठीक. टेप काढता येत नाही, शिवण उघडी पडेल. मग काय करू, तेवढेच सांगा.

शिवण
१. आच्छादन हीट-सील होणारे (उष्णतेने कडा चिकटणारे) असेल तर शिवण हीट-सील करा आणि टेप फक्त कोपरे व कटआउटपुरती ठेवा. नमुन्यासाठीही हीट-सीलच बरे, ग्लासवूल दबत नाही.
२. टेप ठेवायचीच तर कमी गोंदाची, ज्वालारोधक गोंद असलेली आणि याच फिल्मवर चिकटवून भाग ६ पास झालेली घ्या. सुट्या टेपचे किंवा दुसऱ्या फिल्मवरचे प्रमाणपत्र चालवू नका. रुंदी २५ मिमीवर आणता आली तर गोंद निम्म्यावर येतो.
३. टेपवर टेप नको. जोडावर दोन थर आले की गोंदही दुप्पट. ड्रॉइंगमध्ये ओव्हरलॅपची कमाल लांबी लिहा आणि तेवढाच ओव्हरलॅप नमुन्यात ठेवा.
४. फिल्म ओरिएंटेड (ताणून बनवलेली) असेल तर उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांचे नमुने करा, प्रत्येकी तीन. ग्लासवूल ३१८ बाय ५८४ मिमी कापा. टेप शून्य बिंदूखालून जाऊ द्या, सर्वांत वाईट स्थिती तीच.

उष्माप्रवाह
चाचणीच्या वेळी दोन गोष्टी सांभाळा. टेपमुळे मधला भाग उचलला जातो. नमुन्याचा पृष्ठभाग प्लॅटफॉर्मच्या वरच्या कडेशी समपातळीत आणि शून्य बिंदूला पॅनेलपासून १९१ मिमी हवा, अधिकउणे ३ मिमी. फुगला तर जास्त उष्णता खातो. दुसरे, प्लॅटफॉर्म आत ढकलून दार लावले की लगेच ज्योत लावा. आठ-दहा सेकंद रेंगाळलात तर फिल्म आधीच आकसते आणि निकाल बदलतो. बर्नर २७ अंशांत, नमुन्यापासून सुमारे १२ मिमी वर, निळा आतला शंकू १९ मिमी, १५ सेकंद धरून मग किमान ५१ मिमी वर घ्यायचा.

फलक३०
एक शेवटचे. चीर चौकटीच्या डाव्या फ्लँजपासून (कडेपासून) ७६ मिमीवर देतो, ५१ मिमी लांब. मधोमध टेप असेल तर चीर टेपमधून जाते. ती बाजूला सरकवू का?

शिवण
सरकवू नका. लांबीच्या दिशेची ती चीर मध्यावर धरा, ७६ ला अधिकउणे १३ मिमीची सूट आहे तेवढीच. टेपमधूनच कापा, नव्या पात्याने, खालचे ग्लासवूल न ओढता. चीर दिली नाही किंवा टेपने पुन्हा बंद झाली तर हवा अडकते, नमुना फुगतो आणि समपातळीचा सगळा खटाटोप वाया जातो.

फलक३०
कळले. २५ मिमी टेप, हीट-सील शिवण, दोन्ही दिशांचे मिळून सहा नमुने. आज कापून कंडिशनिंगला टाकतो. परवाच्या अहवालात जुने तीन नापास म्हणूनच जातील, नवा निकाल वेगळा देईन.