शाळेतला मार : तुमच्या भागात कसा होता?

हाती काय असायचं, कोणाला जास्त बसायचा, घरी कळल्यावर काय व्हायचं, एवढं लिहा. शाळेचं, मास्तरांचं नाव नको. शाळेत मारायला बंदी घालणारं शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ लागू झालं १ एप्रिल २०१० ला. त्यानंतर शिकलेल्यांनी तर लिहाच. 'आता सगळं बंद झालंय' हे मला पटत नाही.

तळकोकण : निरगुडीची फोक. ती तोडून आणायला आम्हालाच पाठवत, बारीक आणली तर पुन्हा जा. घरी सांगायची सोय नाही, बाबा वर दोन ठेवून देत.

बीड : दिवाळीच्या सुमाराला आईबाप ऊसतोडीला जायचे, मी आजीपाशी. वर्गात दंगा सगळेच करायचे, अंगठे धरून उभे आम्ही ठरलेले चौघंपाचजण. ज्याचा बाप शाळेत येऊन जाब विचारेल त्याच्या अंगाला हात लागत नसे. आमचे बाप कारखान्यावर, फडात. गुरुजींना हे पक्कं ठाऊक होतं. आई अजून म्हणते, गुरुजी मनाने वाईट नव्हते. असतील.

इंदूर : इकडे मुर्गा. वाकून, पायांमागून हात घालून कान धरायचे, तेही मैदानात. छडी परवडली.

पुणे, इंग्रजी माध्यम, २०१० नंतर : हात कुणी लावला नाही. फी थकली की वर्गासमोर नाव घेऊन बाहेर बसवायचे. कलम १७ मध्ये मानसिक छळही येतो, हे पुढे वकिली शिकताना वाचलं.

टेक्सास : लेकीच्या शाळेच्या कागदांत होतं, शारीरिक शिक्षा नको असेल तर लेखी कळवा. १९७७ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेतल्या माराला घटनेची आडकाठी नाही असं ठरवलं आणि गोष्ट राज्यांवर राहिली. न्यू जर्सीत १८६७ पासून बंदी. मिसिसिपी, अलाबामाकडे लाकडी फळी अजून कायद्यात बसते.

धागाकर्ती : बीडच्या ताई, तुमचं वाचून थांबले. महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अभ्यासात, १३ राज्यांत, शाळेतल्या तिघांपैकी दोन मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. त्या दोघांत कोण, हे तुम्ही सांगितलंत.

जिल्हा परिषद शिक्षक, सोलापूर : छडी मी ठेवतच नाही. पालकच येऊन म्हणतात, "दोन द्या की ठेवून, त्याशिवाय ऐकत नाय." नाही म्हटलं की पुढच्या वर्षी पोरगं कडक शिस्तीच्या खाजगी शाळेत. पटसंख्या घटली म्हणून विचारणा मला.