शनिवारवाडा पुन्हा बांधावा का?

मामा_शनवारातला
गेल्या रविवारी नागपूरहून आलेल्या भाच्याला शनिवारवाडा दाखवायला नेलं. दिल्ली दरवाजापाशी पोरगं हरखलं. दारावरचे अणकुचीदार खिळे हत्तीच्या कपाळाच्या उंचीला का, हे कळल्यावर हात लावायला उड्या मारायला लागलं. देवडी ओलांडून आत आलो आणि त्याने विचारलं, "मामा, वाडा कुठाय?" समोर नुसती जोती, हिरवळ, आणि हिरवळीवर पाय पसरून बसलेली मंडळी.

10 जानेवारी 1730 ला पहिल्या बाजीरावाने पाया घातला, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत झाली आणि 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेल्या आगीत सगळं गेलं. शंभरीसुद्धा गाठली नाही. वॉर्साचा राजवाडा जर्मनांनी 1944 मध्ये सुरुंग लावून उडवला, तो पोलिश लोकांनी 1971 पासून वर्गणी काढून पुन्हा बांधला. आपण निदान गणेश रंगमहाल, म्हणजे वाड्यातला दरबाराचा दिवाणखाना, तरी उभा करू नये?

जोत्यावरचा
भाच्याचा प्रश्न रास्त आहे, मामांचं उत्तर नाही. बांधायचा तो कुठला वाडा? बाजीरावाचा मूळ वाडा नंतरच्या मानाने साधाच. गणेश रंगमहाल नानासाहेबांचा. हजारी कारंजं सवाई माधवरावांसाठीचं. प्रत्येकाने त्यात भर घातली. एक साल धरलंत की बाकीच्यांवर पाणी सोडलंत.

आणि वॉर्साचं उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. तिथे राजवाडा उडवायच्या आधीच लोकांनी जीव धोक्यात घालून चित्रं, नक्षीकामाचे तुकडे बाहेर काढून लपवले होते. फोटो होते, मोजमापं होती. आपल्याकडे पेशव्यांचा दरबार म्हणून जे चित्र जिथेतिथे छापतात, ते थॉमस डॅनियलने 1805 मध्ये काढलं, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून. चित्रात दाखवलेला पेशवे-इंग्रजांचा तह 1790 चा. तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलासुद्धा नव्हता! यावरून तुळया कापणार?

मामा_शनवारातला
तह नसेल पाहिला, पण नंतर पुण्यात येऊन त्याने पेशव्याचं चित्र काढलं ना? महिरपी आणि सुरूचे खांब त्याला स्वप्नात दिसले नव्हते. विश्रामबाग वाडाही 1879 च्या आगीत होरपळला. दुरुस्त केलाच की. आज त्याच्या सज्जाखाली उभं राहून कोणी नाक मुरडतं का?

जोत्यावरचा
विश्रामबाग उभा होता, त्याची डागडुजी झाली. इथे तुम्ही मोकळ्या जोत्यावर नवी इमारत चढवताय. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही जोती विसाव्या शतकात खोदून उघडी केली, एवढाच खरा पुरावा हातात आहे, आणि तुम्ही त्याच्यावर खांब रोवणार.

पाणक्या
दोघंही वरच्या मजल्याकडे बघताय, जरा खाली बघा. ही हिरवळ कुठल्या पेशव्याने लावली? कुठल्याच नाही. सरकारी बंगल्यापुढे असते तसली ही हिरवळ, खोदकामानंतरची. जोत्यांच्या मुळाशी रोज पाणी मारायचं आणि मग चुना का सुटतो म्हणून विचारायचं.

खरी बाग बघायची तर पाण्यापासून सुरुवात करा. नानासाहेबांनी कात्रजला तलाव बांधून दगडी नळाने पाणी शहरात आणलं, नुसत्या उतारावर. वाटेत उच्छ्वास बांधले, हवा बाहेर पडायला आणि गाळ काढायला. पंप नाही, वीज नाही. हजारी कारंजाचं सोळा पाकळ्यांचं कमळ आजही जागेवर आहे. मजला नको, आधी पाणी आणा.

मामा_शनवारातला
कात्रजच्या तळ्याचं पाणी हल्ली बघितलंय का? ते कारंज्यात उडवलंत तर पर्यटक तोंडाला रुमाल लावून पळतील. बाकी हिरवळीचा मुद्दा पटला. हे मी खरंच कधी बघितलं नव्हतं.

कसब्यातली_सून
मी वाड्यापासून चार मिनिटांवर राहते. सासऱ्यांच्या वाड्याची मागची भिंत कलली आहे. 2010 च्या कायद्यानुसार संरक्षित वास्तूपासून 100 मीटरच्या आत नवं बांधकाम बंद. आम्ही पाडून बांधू शकत नाही, बिल्डर उंबऱ्याला उभा राहत नाही, भाडेकरू हलत नाहीत. आणि इथे दोनशे वर्षांपूर्वी जळालेल्या दिवाणखान्यावर भांडण चाललंय.

जोत्यावरचा
ताई, दुरुस्तीला बंदी नाही. परवानगी काढून करता येते.

कसब्यातली_सून
अर्ज दिलाय हो. दोन पावसाळे गेले. दर वेळी एक कागद कमी भरतो. तोवर भिंतीला टेकू लावलाय, पडलेल्या माडीचाच खांब आहे, सागाचा. मामा, भाचा पुण्यात असेपर्यंत घेऊन या त्याला. वाडा कुठाय विचारत होता ना, दाखवते. फक्त जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर पाय देऊ नका म्हणावं.