खारबंधाऱ्याचा प्रस्ताव वरिष्ठांकडे अडकला आहे

प्रश्न: मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका उपविभागात शाखा अभियंता आहे. खारबंधाऱ्याला (भरतीचे पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाला) पडलेले खांड बुजवण्याचा प्रस्ताव अंदाजपत्रकासह उपविभागीय अभियंत्यांकडे सादर करून तीन आठवडे झाले. इकडे भरतीचे खारे पाणी भातखाचरांत शिरत आहे. थेट कार्यकारी अभियंत्यांना लिहावे काय?

उत्तर 1: थेट लिहू नये. मधली पायरी गाळली की मूळ विषय बाजूला राहतो आणि खुलासा तुम्हालाच द्यावा लागतो. स्मरणपत्र द्या, त्यात पहिल्या पत्राचा जावक क्रमांक व दिनांक नमूद करा, पोच घ्या आणि आगाऊ प्रत कार्यकारी अभियंत्यांना पाठवा.

उत्तर 2: सहमत. शिवाय 2005 च्या विलंब प्रतिबंध अधिनियमानुसार कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे 7 कामाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ प्रलंबित राहता कामा नये. स्मरणपत्रात याचा उल्लेख नम्रपणे, एकाच वाक्यात करावा.

उत्तर 3: सोबत छायाचित्रे जोडा, पण अमावास्येच्या उधाणाची. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती कमी चढते तेव्हा, काढलेल्या छायाचित्रात बंधारा धडधाकट दिसतो आणि प्रस्ताव शेरा मारून परत येतो; माझा आला होता.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पहिल्या पत्राची पोच मी घेतलीच नव्हती; उद्या प्रथम आवक नोंदवही पाहतो.