नगरसेवक म्हणतात 'ग्रुपवर टाकलंय'. वॉर्डात काय चाललंय ते नेमकं विचारायचं कुठे?

तिसऱ्या मजल्यावरून

नमस्कार मंडळी. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही, आमच्या नगरसेवकांचा भाचा इथे वावरतो.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या गल्लीतले पेव्हर ब्लॉक उखडले. चांगले धड होते, दोन पावसाळेसुद्धा पाहिले नव्हते त्यांनी. शेजारच्या गल्लीत ड्रेनेजचं झाकण खचलंय, त्यात कोणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवलीय, तिकडे मात्र कोणी फिरकत नाही. कामावरच्या मुकादमाला विचारलं तर म्हणाला, 'वरून आलंय.' म्हणजे कुठून? बोर्ड नाही, रक्कम नाही, ठेकेदाराचं नाव नाही.

नगरसेवकांच्या संपर्क कार्यालयात गेलो. तिथला मुलगा म्हणाला, 'काका, ग्रुपवर टाकलंय की.' त्या ग्रुपवर फक्त ॲडमिनला लिहिता येतं. वाढदिवसाचे बॅनर, नेत्रतपासणीचे फोटो, कुठल्याशा उद्घाटनाचा नारळ. पाणी बंद राहणार हा निरोप दुपारी येतो, पाणी सकाळीच गेलेलं असतं.

शेजारचे वकील म्हणतात, गावात ग्रामसभा तशी शहरात क्षेत्रसभा असते, कायद्यातच आहे. आमच्या सोसायटीत हा शब्द कोणी ऐकलेला नाही. खरंच असते का? असली तर मागायची कोणाकडे? आणि मागून काही पदरात पडतं, की उगाच नजरेत यायचं?

घाटावरचा

क्षेत्रसभेचं माहीत नाही, ग्रामसभेचं सांगतो. आमच्या गावी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, हे दिवस ठरलेले. नोटीस लागते, ग्रामसेवक वही घेऊन बसतो. गणसंख्या भरत नाही, सभा तहकूब होते, मग पुन्हा भरवून तेवढ्याच माणसांत उरकतात, हे सगळं आहेच. पण सरपंचाला लोकांसमोर उभं राहावं लागतं. माझा चुलता घरकुलाच्या यादीवरून तिथे तासभर भांडला होता आणि यादी बदलून घेऊन आला. मी शहरात फ्लॅट घेतल्यापासून मला कोणी काही विचारल्याचं आठवत नाही.

निवृत्त बाबू

वकील बरोबर सांगतायत. मी एका प्रभाग कार्यालयात लिपिक होतो, त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूने लिहितो. जरा लांबेल.

कायदा २००९ चा. केंद्राच्या जेएनएनयूआरएम या शहरविकास योजनेचे पैसे हवे असतील तर लोकसहभागाचा कायदा करा, अशी अट होती. राज्याने तो केला आणि महापालिका अधिनियमात एकोणतिसाव्या कलमाच्या शेपटाला जोडला. एकमेकांना लागून असलेली दोन ते पाच मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र. तिथल्या यादीतले सगळे मतदार क्षेत्रसभेचे सदस्य. नगरसेवकाने दोन वर्षांत किमान चार सभा घ्यायच्या, न घेतल्यास पद जाऊ शकतं. केंद्राच्या नमुना विधेयकात क्षेत्राचा प्रतिनिधी वेगळा होता. आपल्याकडे अध्यक्षपद नगरसेवकालाच दिलं. म्हणजे ज्याला जाब विचारायचा, त्यानेच सभा बोलवायची. घाईत उरकलेल्या लग्नासारखं झालं: विधी सगळे झाले, संसार कोणी मांडला नाही.

पण माझं ऐकाल तर सभा मागण्याआधी इतिवृत्त, म्हणजे बैठकीत काय झालं त्याची लेखी नोंद, मागा.

प्रभाग समितीच्या सभा होतात, त्यांचं इतिवृत्त कुठल्यातरी कपाटात असतंच. (त्या समितीत सामाजिक संस्थांच्या जास्तीत जास्त तीन प्रतिनिधींना घेता येतं. तुमच्याकडे कोणाला घेतलंय ते जरूर बघा, करमणूक होईल.) नागरिकांबरोबरच्या बैठकीही काही कार्यालयांत व्हायच्या, आमच्याकडे व्हायच्या. त्यांचं इतिवृत्त मी लिहायचो. 'सविस्तर चर्चा झाली' म्हणजे भांडण झालं. 'नियमानुसार योग्य ती कार्यवाही करण्यात यावी' म्हणजे विषय मिटला, काम नव्हे. पानंच्या पानं अशीच.

एक शिक्षिका होत्या. एकदा बैठक संपल्यावर सगळे चहाकडे वळले आणि त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, 'तारीख लिहा. नाव लिहायचं नसेल तर हुद्दा लिहा.' मी साहेबांकडे पाहिलं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मी लिहिलं: 'विषय ४. टाकीमागील तुंबलेले गटार. कनिष्ठ अभियंता, ड्रेनेज यांनी १५ तारखेपूर्वी पाहणी करून पुढील बैठकीत अहवाल ठेवावा.' पुढच्या बैठकीत त्या पोरगेल्या अभियंत्याला उभं राहून ते वाचावं लागलं, तेही पंचवीस-तीस माणसांसमोर. गटार त्याच्या आदल्या दिवशी साफ झालं होतं. त्यानंतर बैठकीला माणसं वाढली. त्याआधी आम्ही पत्रकं वाटूनही येत नसत. बोललेलं कागदावर उतरतंय आणि पुढच्या वेळी त्यावरूनच सुरुवात होतेय हे दिसलं, की लोक कामधंदा सोडून येतात. नाही तर दुसऱ्यांदा कोण येणार?

आता तुमचे पेव्हर. माहिती अधिकारात अर्ज करून तीस दिवस थांबण्याआधी सोमवार गाठा. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. 'निर्णय दाखवा' म्हणतील, प्रिंट जवळ ठेवा. कामाची संचिका, म्हणजे फाइल, मागा आणि त्यात तीन गोष्टी बघा: कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा हुकूम), मोजमाप पुस्तिका (किती काम झालं त्याची नोंद), आणि आधीच्या कामाचा दोषदायित्व कालावधी (ठेकेदाराने दुरुस्तीची हमी दिलेली मुदत). हा तिसरा कोणी बघत नाही. दोन पावसाळेही न झालेले ब्लॉक बहुधा अजून त्या कालावधीतच असतील. खराब झाले असते तर जुन्या ठेकेदाराने स्वतःच्या पैशाने बसवून द्यायचे होते. खराब नव्हते, तर काढले का, हा प्रश्न मग लेखी विचारा. खचलेल्या झाकणाला मात्र सभा-बिभा काही लागत नाही. फोटो काढून आजच तक्रार टाका.

आणि मार्चमध्ये ओरडून फायदा नसतो. तेव्हा निधी परत जाऊ नये म्हणून जी संचिका तयार असेल ती पुढे सरकते. यादी आधीच झालेली असते. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवतात, साधारण पाऊस सरता सरता, एका कामाला पाच लाखांची मर्यादा ठेवून. शिवाय तिथे नगरसेवकांच्या कामांची 'स' यादी असते ती वेगळी. तुमच्याकडे अशी सोय नसली तरी आकडे जुळवायला दिवाळीच्या मागेपुढे सुरुवात होते. झाकण, पथदिवा, बाक, काय हवं ते तेव्हा द्या, जागेच्या खुणेसकट.

लोकलवाली

मुंबईचं थोडं. इथे एएलएम आहेत, पालिकेच्या मराठीत 'प्रगत परिसर व्यवस्थापन'. नव्वदच्या दशकात घाटकोपरच्या जोशी लेनमधून सुरू झालं, कचऱ्यावरून. रहिवाशांनी ओला-सुका वेगळा करायचा, पालिकेने गल्लीकडे लक्ष द्यायचं. मी आमच्या एएलएममध्ये बरीच वर्षं आहे. बाबूकाकांच्या इतिवृत्ताला माझा पाठिंबा, पण बैठकीला कोण येतं हेही बघा हो.

आमच्या बैठका सकाळी अकराला असायच्या. येणार कोण? पेन्शनर आणि बंगल्यातल्या बायका. विषय काय? फेरीवाले, पार्किंग, कुत्री. मागच्या चाळीतल्या बायकांना नळाचा प्रश्न होता, पण त्या वेळेला त्या दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करत असायच्या. मग आमच्याच अध्यक्षांनी सांगायचं, 'चाळीतून कोणी तक्रार करत नाही.' मी भांडून वेळ शनिवारी संध्याकाळवर आणली आणि जागा चाळीच्या गणपतीच्या मांडवाची. पहिल्याच बैठकीत पार्किंगचा नंबर लागला नाही. दोन पेन्शनर रुसले, अजून रुसलेलेच आहेत.

कोकणकडा

बाबू, लिहिलंय झकास, पण बऱ्याच महापालिकांत २०२२ पासून प्रशासक होते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं तेव्हा कुठे नगरसेवक आले. मधल्या काळात तुमची क्षेत्रसभा कुठे होती? आणि आता चार-चार नगरसेवकांचा प्रभाग. प्रभागातल्या जागा अ, ब, क, ड. एक म्हणणार मी अ चा, दुसरा म्हणणार ते काम ड कडे. चौघंही लग्नाला येतात, सभेला एकही येणार नाही.

निवृत्त बाबू

कोकणकडा, कुठेच नव्हती. अध्यक्षच नगरसेवक, नगरसेवक नाहीत तर सभा नाही. कायद्याची ही लंगडी बाजू मान्य. क्षेत्रं आखून जाहीर करायचं कामही होत नाही, त्यामुळे 'क्षेत्रच ठरलेलं नाही, सभा कसली घेऊ' हे उत्तर तयार असतं.

पण तुमच्याच मुद्द्यातून एक गोष्ट निघते. नगरसेवक आत्ता नवे आहेत, म्हणजे त्या दोन वर्षांची मोजणी आत्ता सुरू झालीय. आज लेखी मागितलं तर दोन वर्षांनी हातात तारखेचा कागद असेल. पाचव्या वर्षी मागितलंत तर निवडणुकीचं राजकारण म्हणून उडवून लावतील, आणि थोडंफार खरंही असेल ते. चार नगरसेवकांचं म्हणाल, तर चौघांनाही एकच पत्र द्या. एकाने उत्तर दिलं की बाकीचे तिघं आपोआप येतात. त्याला सगळं श्रेय एकट्याला कोण घेऊ देईल?

लोकलवाली ताई, वेळेचं अगदी खरं. आमच्याकडेही बैठक कार्यालयीन वेळेतच असायची, कारण शिपायाला ओव्हरटाइम नव्हता.

तिसऱ्या मजल्यावरून

सगळ्यांचे आभार. सोमवारी मी आणि वकील जाऊन येतो. क्षेत्रसभेचा अर्ज कोणाच्या नावे करायचा? आणि सोसायटीच्या लेटरहेडवर चालेल का? सचिव सही करायला कचरतायत.

निवृत्त बाबू

लेटरहेड नको. क्षेत्रसभेचा सदस्य मतदार असतो, सोसायटी नव्हे. साध्या कागदावर लिहा, खाली आठ-दहा जणांची नावं, सह्या आणि मतदारयादीतला भाग क्रमांक. तो क्रमांक दिसला की तुम्ही कुठल्या केंद्राचे हे त्यांना शोधावं लागत नाही आणि 'आमच्या हद्दीत नाही' म्हणता येत नाही. अर्ज प्रभागाच्या सहायक आयुक्तांच्या नावे करा, प्रती नगरसचिवांना आणि चारही नगरसेवकांना. मागण्या दोनच ठेवा: आमचं क्षेत्र कोणतं ते लेखी कळवा, आणि पहिल्या सभेची तारीख द्या. पेव्हरचा विषय यात अजिबात घालू नका, नाही तर अख्खा अर्ज पथ विभागाकडे 'पुढील कार्यवाहीस्तव' निघून जाईल आणि सभेचं उत्तर द्यायला कोणी उरणार नाही.

आवक खिडकीवर जेवणाच्या सुट्टीआधी जा. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही घेतल्याशिवाय हलू नका. शिक्का मारून 'क्रमांक नंतर टाकतो' म्हणाले तर तिथेच थांबा, रजिस्टर त्यांच्या हाताशीच असतं.