मदत हवी आहे : पत्रकासाठी इंटरनेटवरची आणि जुन्या अल्बममधली छायाचित्रे वापरताना परवानगी कुणाची घ्यावी?

नमस्कार. नाशिकच्या गोदाघाटावर महिन्यातून एका रविवारी स्वच्छता करून नंतर तिथल्या जुन्या देवळांची माहिती सांगत फिरणारा आमचा बारा-पंधरा जणांचा गट आहे. संस्था नोंदणीकृत नाही आणि आम्ही शुल्कही घेत नाही. पुढच्या फेरीसाठी ५०० पत्रके छापायची आहेत. त्यांतील छायाचित्रांबाबत जाणकारांचा सल्ला हवा आहे.

काळजीचे कारण आधी सांगते. गेल्या पावसाळ्यातल्या पत्रकावर आम्ही गोदावरीच्या पुरात बुडत चाललेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीचे व्हॉट्सॲपवर फिरत आलेले छायाचित्र घेतले होते. उजव्या कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव बारीक पांढऱ्या अक्षरांत होते आणि पत्रकाच्या आकारात बसवताना नेमका तोच कोपरा कापला गेला. खाली ‘छायाचित्र साभार : इंटरनेट’ असे लिहून आम्ही निश्चिंत झालो. आठवड्याभरात त्या गृहस्थांचा फोन आला. पैशांचा विषयही न काढता ते म्हणाले, “पहाटेपासून पावसात उभा होतो हो, माझं नाव तरी ठेवायचं होतं.” मी माफी मागितली, उरलेली पत्रके वाटली नाहीत, पण ते बोलणे अजून मनाला लागून आहे.

त्यानंतर मी १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचायला घेतला. कलम ५७ प्रमाणे कॉपीराइट दुसऱ्याला दिल्यानंतरही निर्मात्याचा आपल्या कामावर नाव सांगण्याचा हक्क राहतो, म्हणजे त्यांचे म्हणणे नुसते भावनेचे नव्हते. ‘आपण कुठे कमावतो?’ असे आमच्यातले काही जण म्हणतात. परंतु कलम ५२ मधील न्याय्य वापराची सवलत खाजगी वापर, अभ्यास, समीक्षा, चालू घडामोडींचे वृत्त अशा कारणांसाठी आहे आणि गावभर वाटायचे पत्रक त्यात बसेल असे मला वाटत नाही. नारोशंकराचे देऊळ अठराव्या शतकातले असले, तरी त्याचे काल काढलेले छायाचित्र काढणाऱ्याचेच असते, हेही आता नीट कळले आहे.

अडचण उरली आहे ती दोन छायाचित्रांची. पहिले विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या छायाचित्रांच्या संकेतस्थळावरचे, रामकुंडाचे आहे. त्याच्या परवान्यात छायाचित्रकाराचे नाव व परवाना नमूद करावा, केलेले बदल सांगावेत आणि बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी, अशा अटी आहेत. आम्ही ते कापून त्यावर अक्षरे टाकली, तर संपूर्ण पत्रक त्या परवान्याखाली येते की केवळ तेवढे चित्र? शिवाय छपाईचा खर्च देणाऱ्या मिठाईच्या दुकानाचे नाव तळाशी येणार आहे. या परवान्यात व्यावसायिक वापराला मनाई नाही, पण ज्या परवान्यांत ती असते, तिथे एवढ्या नावाने आमचे पत्रक व्यावसायिक ठरेल का?

दुसरे छायाचित्र आमच्या गटातील एका काकूंच्या घरच्या अल्बममधले, घाटावर उभ्या असलेल्या त्यांच्या आजेसासऱ्यांचे आहे. मागे स्टुडिओचा पुसट शिक्का दिसतो, पण नाव वाचता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी छायाचित्राचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असे; आता तो छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे असतो. मात्र छायाचित्रकारच माहीत नसेल आणि हे कधी छापलेच गेले नसेल, तर ती वर्षे कुठून मोजायची? मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, काढून घेणारा असतो असे कलम १७ मध्ये आहे. त्यामुळे काकूंच्या कुटुंबाची लेखी संमती पुरेल असे मला वाटते. हे बरोबर आहे का, हे कायदा जाणणाऱ्या कुणीतरी कृपया सांगावे.

लेखी परवानगीचा साधा मराठी मसुदा कुणाकडे असल्यास इथे द्यावा. कोणत्या पत्रकासाठी, किती प्रतींसाठी आणि व्हॉट्सॲपवर पाठवण्यासाठीही परवानगी आहे का, हे त्यात स्पष्ट असावे, कारण छापील पत्रकापेक्षा त्याचा फोटोच जास्त फिरतो. छापखान्यात मजकूर पुढच्या शुक्रवारी द्यायचा आहे. तोपर्यंत उत्तर मिळाले नाही, तर ही दोन्ही छायाचित्रे वगळून नारोशंकराच्या घंटेचे आमच्यातल्याच एकाने काढलेले छायाचित्र त्याच्या नावासह छापू.