चालून आलं की बोटं सुजतात, कोणाला अनुभव?

प्रश्न:
पाऊण तास झपाझप चाललं की माझ्या दोन्ही हातांची बोटं टम्म फुगतात. दुखत नाहीत, पण मूठ नीट वळत नाही आणि अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस वर येतं. घरी आल्यावर तासाभरात उतरतं. बीपी, साखर, थायरॉइड सगळं तपासून झालं, काही निघालं नाही. पाय सुजले असते तर समजू शकले असते, राबतात ते. हातांनी काय केलंय?

प्रतिसाद १:
काहीच केलं नाही, म्हणूनच तर! चालताना रक्ताचा ओघ हृदय, फुप्फुसं आणि पायांच्या स्नायूंकडे वळतो. हात थंडावतात आणि तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, असं यामागचं कारण सांगतात. अंग तापलं की उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या वाहिन्या आणखी उघडतात. हात खाली लोंबतात, बोटं रिकामी, त्यामुळे झिरपलेलं पाणी तिथेच साचतं. उन्हात जास्त होतं का?

प्रतिसाद २:
पाठीवर सॅक असते का? खांद्याचे पट्टे काखेपाशी रुतले तर हातातून परतणारं रक्त अडतं. कमरेचा पट्टा घट्ट लावून वजन खाली घ्यायचं. मी ट्रेकला काठ्या वापरते, मूठ आवळली-सुटली जाते, सूज जवळपास येतच नाही. काठ्या नसतील तर अधूनमधून हात डोक्यावर नेऊन मुठींची उघडझाप करा. लोक बघतात, बघू देत. अंगठी मात्र चालायला निघण्याआधीच काढा. फुगल्यावर ओढाताण केली की बोट आणखी सुजतं.

प्रतिसाद ३:
लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. तहान नसताना पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली म्हणजे कमी. तेव्हाही बोटं सुजतात, पण जोडीला मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं. अशा माणसाला आणखी पाणी पाजू नका, थेट हॉस्पिटल गाठा. एकच हात सुजला, जड आणि निळसर झाला, तर शिरेत गुठळी असू शकते. तेही उद्यावर ढकलायचं नाही.

प्रश्नकर्ती:
दोन्ही हात, अगदी सारखे. सॅक नसते, पण उन्हात नक्कीच जास्त. आणि मी हात नुसते लोंबकळत सोडून चालते, हे आत्ता लक्षात आलं. घड्याळाचा पट्टाही सैल करू का?

प्रतिसाद २:
हो, एक भोक पुढे.