फ्रेशर काम करतात, पण वेळेवर बोलत नाहीत. सुरुवात कुठून करावी?

टीमची_घडी: टीममध्ये नुकतीच पदवी घेतलेले चौघे आहेत. कामाला चांगले आहेत, पण अडलं तरी दोन-दोन दिवस सांगत नाहीत. मेलमध्ये मुद्दा शेवटच्या ओळीत असतो आणि मीटिंगमध्ये चौघंही गप्प. सॉफ्ट स्किल्सचं ट्रेनिंग देऊन झालं, महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. रोजच्या कामातूनच हे कसं शिकवता येईल?

सरळ_रेघ: आधी अडल्यावर बोलण्याचं बघा, बाकीचं नंतर. न विचारता सोडवणं म्हणजे हुशारी, ही परीक्षांची सवय अजून अंगात असते. “अडलं तर विचारा” एवढं सांगून भागत नाही, कारण नेमकं कधी अडलं हेच त्यांना ठरवता येत नाही. वेळ बांधून द्या: ३० मिनिटांत काम पुढे सरकलं नाही तर विचारायचंच. विचारताना तीन गोष्टी लिहायच्या: काय करायचं होतं, काय करून पाहिलं आणि काय झालं (एरर आली असेल तर जशीच्या तशी), आता नेमकं काय हवंय. “एवढंही येत नाही?” असं एकाला म्हणालात की चौघंही विचारायचे थांबतील.

काम देताना “समजलं ना?” विचारू नका, उत्तर “हो”च येणार. “आता तू आधी काय करशील, आणि मला पहिलं काय, कधी दाखवशील?” असं विचारा. गैरसमज असेल तर तिथेच उघडा पडतो.

मसुदा: मेलबद्दल. विषयात काम, अपेक्षा आणि मुदत तिन्ही यायला हवं: ‘विक्री अहवाल: शुक्रवारी दुपारी ३ पर्यंत मंजुरी हवी’. पहिल्या ओळीत मागणी, मग कारण, पार्श्वभूमी सगळ्यात खाली. ‘टू’मध्ये ज्याने काही करायचंय तोच; नुसतं माहितीसाठी असेल तो ‘सीसी’त. ‘टू’मध्ये तिघं असतील तर कुणी काय करायचं ते नावानिशी लिहायचं, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो.

त्यांचा मेल तुम्ही दुरुस्त करून पाठवू नका. घाई असते, मोह होतो, पण त्यातून ते काहीच शिकत नाहीत. “वाचणाऱ्याने काय करायचंय? ते वाक्य दाखव” म्हणा आणि त्यांनाच ते वर आणू द्या. एका आठवड्यात एकच दोष धरा. शुद्धलेखन, सूर, मांडणी सगळ्यावर एकदम लाल खुणा केल्या तर पुढचा मेल भीतभीत लिहिला जातो आणि आणखी लांबतो.

सरळ_रेघ: मीटिंगमधल्या गप्पपणाला आत्मविश्वासाचा अभाव म्हणून मोकळं होऊ नका. अनेकदा इंग्रजी वाक्य मनात जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. आदल्या दिवशी अजेंडा द्या, त्यातला एक मुद्दा दोन मिनिटांसाठी त्यांच्या नावावर टाका, आणि त्यांना आधी बोलू द्या. सीनियर बोलून झाल्यावर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही. मिनिट्स (मीटिंगचं टिपण) लिहायची पाळी फिरती ठेवा. लिहिणारा बोलत नाही, म्हणून ते काम एकाच्याच गळ्यात नको.

टीमची_घडी: पटलं. चुका सगळ्यांसमोर सांगाव्यात का? एकाची चूक बाकीच्यांच्याही कामाची असते.

मसुदा: चूक एकट्याला, त्याच दिवशी, तो मेल समोर ठेवून. सगळ्यांना दाखवायचाच तर जमलेला मेल दाखवा, लिहिणाऱ्याला विचारून.